शेवंतीची हाक

वायफाय घरोघरी आलं, त्यानंतरची ही गोष्ट. एका घरातली शेवंती नावाची राऊटर थकून माळ्यावर गेली आणि तिच्या जागी तुफान नावाचा नवा राऊटर आला. मोबाइल, लॅपटॉप लगेच त्याचे झाले. म्हातारा प्रिंटर मात्र ढिम्म हलेना.

"आजोबा, पान काढा ना," तुफान प्रिंटरला म्हणाला. " आपल्या घरातल्या मंदाकिनीचं हॉल तिकीट आहे. तासाभरात तिची परीक्षा."

"शेवंतीची हाक आली की काढतो."

"अहो, ती माळ्यावर गेली! माझा वेग तरी बघा."

"वेगाचं काय लोणचं घालू? हाक ओळखीची हवी."

मंदाकिनी चपला घालून दाराशी रडवेली उभी होती. तुफानानं तिच्याकडे पाहिलं. मग आपलं नाव पुसून त्यानं शेवंतीचं नाव घेतलं, तिचाच जुना पासवर्ड घेतला आणि हळूच हाक मारली.

प्रिंटर खडबडून जागा झाला. "आलीस होय गं? किती वाट बघायची माणसानं!" आणि कागद सरसर बाहेर आला. मंदाकिनी तो घेऊन पळाली.

लॅपटॉप खुसखुसला, "काय शेवंतीबाई, तुफान कुठं गेलं?"

"हळू बोल रे," नवा राऊटर म्हणाला, "आजोबांना ऐकू जाईल."