पिंगीची तक्रार

फार फार वर्षांपूर्वी, प्राणीही पुस्तकं वाचायचे तेव्हा, उंबराच्या ढोलीत साळूबाई साळिंदरीण वाचनालय चालवायची. एके दिवशी पिंगी सशीण तणतणत तिथे आली.

"साळूबाई, हे कोल्ह्यांविषयीचं पुस्तक आधी कुलपात घाला! ते वाचल्यापासून माझी पिल्लं धड झोपत नाहीत. निदान वर 'लहानांसाठी नाही' अशी चिठ्ठी तरी लावा."

"लावते की," साळूबाई म्हणाली, "पण एकदा सगळ्यांना विचारू या."

सभा भरली. पिंगी अगदी पोटतिडकीने बोलली. ती खाली बसते न बसते तोच कोल्हा उठला.

"पिंगीताईंचं अगदी खरं आहे," तो मधाळ आवाजात म्हणाला. "कोवळ्या जिवांना कशाला घाबरवायचं? आणि मोठ्या सशांनी तरी का वाचावं? त्यांच्या धर्मात बसत नाही ते. मी तर म्हणतो, हे पुस्तक फक्त कोल्ह्यांसाठी ठेवा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पिंगीचे कान मात्र ताठ झाले. माझ्या पिल्लांच्या झोपेची या कोल्ह्याला एवढी काळजी कधीपासून?

"माझी तक्रार मी मागे घेते," ती म्हणाली आणि पुस्तक काखोटीला मारून तडक घरी गेली.

पिल्लांना कुशीत घेऊन तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. कोल्हा गोड बोलून पिल्लांना बाहेर कसं बोलावतो, ते पान आलं.

"आई, भीती वाटते," धाकटी म्हणाली.

"मलाही वाटते," पिंगी म्हणाली. तिने धाकटीला आणखी जवळ ओढलं आणि पान उलटलं.