मुळांचा श्वास

यमुना डुंबरेच्या काळ्या रानात पाणी साचून राहायचं आणि टोमॅटोची मुळं कुजायची. यंदा तिने पंपाला एक यंत्र जोडलं. ते पाण्यात प्राणवायूचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे मिसळायचं. रोपं बघता बघता तरारली.

बातमी पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष बाबूराव आप्पा यांच्या कानावर गेली. भर उन्हात माणसं घेऊन ते बांधावर येऊन उभे राहिले.

"यमुने, संस्थेच्या पाण्यात हवा मिसळतेस? म्हणे मुळांना श्वास हवा! मुळं पाणी पितात, त्यांना कसला आलाय श्वास? यंत्र काढ, नाहीतर तुझं पाणी बंद!"

यमुनेला ठाऊक होतं, पाणी तुटलं तर पीक गेलंच. तरी रानात आलेल्या माणसापुढे तिने आधी तांब्या केला. आप्पा घटाघटा प्यायले आणि अर्ध्यावरच थांबून धापा टाकू लागले.

"थांबलात का, आप्पा? प्या की, पाणी भरपूर आहे."

"अगं, श्वास तर घेऊ दे!"

"माझी मुळंही एवढंच म्हणतात, आप्पा."

बरोबरची माणसं खदखदून हसली. आप्पांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांनाही हसू आवरेना.

"राहू दे तुझं यंत्र," ते हळूच म्हणाले. "माझी मिरचीही कुजतेय गं. उद्या येऊन बघशील?"