राजकंद

एक रान होतं. रानात एक वाघ राज्य करायचा आणि मी कंद विकायचो. दोघांचंही बरं चाललं होतं. वाघाची निवडणूक पाच वर्षांनी व्हायची आणि तीत तोच निवडून यायचा. माझी रोज सकाळी व्हायची आणि गिऱ्हाईक कुणालाही निवडायला मोकळं असायचं. आमच्यात तेवढाच काय तो फरक.

माझं नाव टोकेराव. जातीचा सायाळ, अंगावर काटे, पण स्वभाव मऊ. असं बायको म्हणते, आणि ती कौतुकाने म्हणत नाही. तिचं नाव तानू. आमचं दुकान ओढ्याच्या काठावर, माल एकच, उकडलेले करांदे. आमच्या रानातला करांदा कडूजहर. त्याचे काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे. ओढा त्यातलं कडू घेऊन जातो. तसं न करता खाल्ला, तर घसा धरतो आणि आवाज असा बसतो की तोंडातून शब्द फुटत नाही. हे सायाळांच्या घरातलं ज्ञान. बाकीच्यांना वाटायचं, करांदा जात्याच गोड.

मग समोर माकडाने आंबाड्यांचं दुकान टाकलं. आंबाडे महाआंबट, पण माकडाने पोपट हाताशी धरले होते. आमच्या वडावर पोपट राहतात. त्यांना सांगाल ते ते दिवसभर ओरडतात, आणि मूठभर उंबरं दिली तर नदीपल्याड जाऊनही ओरडतात. ज्याला ते आवडेल त्याने वडाखाली त्या दुकानदाराच्या नावाने एक पान टाकायचं, अशी रीत. ज्याचा ढीग मोठा, त्याचा माल चांगला. गिऱ्हाइकं आंबाडे खाऊन दात आंबवून घ्यायची आणि आमच्या दारावरून मान वळवून जायची. आमच्या टोपल्या भरलेल्याच राहू लागल्या. असंच चाललं असतं तर थंडीच्या आत दुकान मिटलं असतं.

"दात आंबले की येतील परत," तानू म्हणाली. "आपण आपला कंद नीट करावा."

मला कुठला धीर. मी रंगनाथ सरड्याला बोलावलं. रंगनाथ ब्रँडिंगचं बघतो. त्याने एक काप खाल्ला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"टोकेराव, तुमचा माल चांगला आहे. हाच प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे?"

"चांगला माल लोक खातात आणि घरी जातात. यात स्टोरी कुठंय? आधी ते करांदा नाव काढा, राजकंद म्हणा. आणि तुम्ही स्वतः समोर या. लोकांना कंद नको असतो हो, टोकेराव हवे असतात."

मी कुणाला हवा आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तानूनेसुद्धा नाही. मी पार पाघळलो.

दुसऱ्या दिवसापासून मी वडाखाली उभा राहू लागलो. अंगाला तेल लावून, काट्यावर काप टोचून, डावीकडे वळून. माझी डावी बाजू जास्त प्रामाणिक दिसते असं रंगनाथचं मत पडलं. वरून पोपट ओरडायचे, "एक रान, एक कंद, एक आनंद." पूर्वी मी पहाटे उठून कंद खणायचो, आता पहाटे उठून पानं बघायला जायचो. एकदा एक भेकर पान टाकायला आलं आणि ढिगातलीच पानं खाऊन गेलं. रंगनाथ म्हणाला, यालाच एंगेजमेंट म्हणतात. मी घरी जाऊन तानूला ते अभिमानाने सांगितलं. ती टोपली घेऊन ओढ्यावर गेली.

तेवढ्यात वाघाची निवडणूक आली. त्या वर्षी महाराजांनी पाणवठ्याला कुंपण घातलं होतं, पाण्याच्या रक्षणासाठी. कुणापासून रक्षण, हे पाणी पिणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं आणि रान तापलं होतं. गवा तर भर सभेत उभं राहून जाब विचारणार असं सांगत फिरत होता. अशा वेळी पब्लिकच्या पोटात काहीतरी गोड गेलेलं बरं, म्हणून प्रधान तरस आमच्या दुकानात आला.

"सभेला सगळ्या रानाला राजकंदाचं जेवण. उद्या."

"उद्या?" तानू म्हणाली. "एवढे कंद उकडून होतील एक वेळ, पण ओढ्यात कधी ठेवायचे?"

तरस हसला. तरस नेहमीच हसतो.

"होऊन जाईल, प्रधानजी," मी म्हणालो.

तो गेल्यावर तानूने मला धरलं. "अहो, घसे धरतील सगळ्यांचे."

"एका दिवसाने काय होतंय? मीठ जरा जास्त घालू."

"मिठाने भागलं असतं तर आपल्या वाडवडलांनी ओढ्यात पाय गारठवून घेतले नसते."

मी तिला ब्रँड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत ती झोपली होती.

सभा दणक्यात झाली. सगळे पोटभर जेवले. महाराजांनी काही घेतलं नाही, त्यांचं खाणं वेगळं असतं. मग ते बोलायला उभे राहिले.

"बंधूंनो, भगिनींनो, आणि माझ्या लाडक्या हरणांनो. मी पाणी अडवलेलं नाही. मी तहान अडवली आहे. कुणाला शंका असेल तर त्याने खुशाल उठून विचारावं. हे तुमचंच राज्य आहे."

गवा उठला. त्याने तोंड उघडलं आणि आतून नुसता खर्र असा आवाज आला. मागून हरणं उठली, ससे उठले, रानडुकरं उठली, आणि सगळी घसा धरून खाली बसली. महाराजही गोंधळले. प्रधान मात्र इकडेतिकडे बघत होता. काय झालंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं.

"शंका नाही," तो म्हणाला. "ठराव एकमताने मंजूर."

मी मागे उभा होतो. म्हटलं, आता आपले काटे उपटतात. तर प्रधानाने येऊन मला मिठी मारली, सायाळाला जेवढी मारता येते तेवढी.

लगेच 'घरोघरी राजकंद' योजना निघाली. कंद फुकट होता. सक्ती नव्हती, फक्त जो घेणार नाही त्याचं नाव पोपटांना कळवलं जायचं. कंद ओढ्यात ठेवण्याची पद्धत जुनाट आणि वेळखाऊ ठरवून बंद करण्यात आली. माकडाचं दुकान बसलं. मला 'कंदभूषण' किताब मिळाला आणि माझ्या पानांचा ढीग वडाच्या फांदीला टेकला. "टोकेराव, तुमचा ब्रँड आता धोरण झालाय," रंगनाथ म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी फार खूश होतो.

मग एक दिवस तानू वडाखाली जाऊन उभी राहिली. योजनेचा कंद ती, माझ्यासारखीच, तोंडाला लावत नव्हती, त्यामुळे तिचा आवाज शाबूत होता. ती म्हणाली, "कंद ओढ्यात ठेवलेला नाही, खाऊ नका. आणि बोलता यायला लागलं की पाणवठ्याचं विचारा." तिने पोपटांना उंबरं दिली नव्हती. तरी एका नवख्या पोपटाने ते रानभर नेलं.

आम्हा दोघांना दरबारात बोलावणं आलं.

"अख्खं रान समाधानाने गप्प आहे," तरस म्हणाला. "ही एकटीच बोलते, म्हणजे हिला बाहेरून कुणीतरी बोलायला लावत असणार. टोकेराव, तुम्हीच सांगा, कंद ओढ्यात ठेवले होते की नव्हते?"

तानू माझ्याकडे बघत होती. नव्हते म्हणालो तर दुकान जाणार, होते म्हणालो तर तानू जाणार. समोर पाहुण्यांसाठी माझ्याच कंदाचं ताट मांडलेलं होतं. मी ते ओढलं आणि बकाबका सगळं संपवलं. मग तोंड उघडून खर्र केलं आणि घशाकडे बोट दाखवलं. वेळेवर डोकं चाललं म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं.

"नवऱ्याची हरकत नाही," तरस म्हणाला, आणि तानूला नदीपार काढायचा हुकूम झाला.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. "अहो, निदान खोटं तरी बोलायचं होतंत," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काहीतरी बोललात, एवढं तरी झालं असतं." मला रडू फुटलं, पण त्याचाही आवाज आला नाही.

महाराज निवडून आले. खर्च नको म्हणून योजना बंद झाली आणि हळूहळू सगळ्यांचे घसे मोकळे झाले. गवा एकटा असला की डुरकतो, असं म्हणतात. मी दार लावून तानूला हाक मारून बघतो, आवाज खणखणीत येतो. पाणवठ्याचं कुंपण अजून तसंच आहे. त्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. जो तो शेजाऱ्याचा घसा बरा व्हायची वाट बघतोय.