राईचा हात

पाथरवणे गावाच्या वरच्या अंगाला वाघजाई देवीची राई आहे. समोरच्या पठारावरून पाहिली तर ती गोल दिसत नाही. तिला एक हात फुटलेला दिसतो. अंजन, जांभूळ, हिरड्याची दाट रांग भातखाचरांमधून उतरत थेट ओढ्यापर्यंत गेली आहे. झाडं मोजायला आणि पाखरं बघायला येणारे पाहुणे विचारतात, हे असं कसं? मग गावातले परसूआबा जोत्यावर बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. तेव्हा राई एवढीशी उरली होती. देवीभोवती चाळीसेक झाडं आणि त्यांच्या मुळाशी गावाचा झरा. राई कुणी एका दिवसात तोडली नव्हती. कडेच्या प्रत्येकानं दरसाल आपला बांध हातभर आत सरकवला, एवढंच. झाडं हटली, तसा झराही हटला. लागोपाठ दोन उन्हाळे तो चैत्रातच आटला, आणि बायकांना घागरभर पाण्यासाठी नदीपर्यंत उतरावं लागलं. एक खेप म्हणजे अर्धा दिवस.

त्या खेपा करणाऱ्यांत भिवरा होती. सुभाना पाटलांची सून. तिचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर घाट उतरून गेला, तो तीन वर्षं झाली तरी परतला नव्हता. घरात ऐंशीच्या घरातले सासरे, दोन लहान मुली, आणि राईला लागून असलेली दोन खाचरं. तेवढ्यावर चौघांचं पोट. भिवरा पहाटे उठायची ती दमलेलीच उठायची. तिला हसताना पाहिल्याचं त्या दोन वर्षांत कुणाला आठवत नव्हतं, असं सांगतात.

झरा परत यायचा तर राई वाढवली पाहिजे, हे सगळ्यांना कळत होतं. पंच उंबराखाली बसले. रान कुणाचं घ्यायचं, इथं गाडं अडलं. ज्याचं नाव निघे त्याच्याकडे कारण तयार असे. सात वेळा बैठक झाली आणि सातही वेळा पंच धोतर झटकून उठले. आठव्या बैठकीत सुभाना पाटील म्हणाले, "आता बोलून बोलून माझं तोंड दुखायला लागलं. देवीच्या पायाशी तो काळा धोंडा आहे, तो मी खांद्यावर घेतो आणि ओढ्याच्या दिशेनं चालतो. धोंडा भुईला टेकेल तिथवर राई. वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक खाचर देवीचं. कबूल?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. धोंडा धान्य मोजायच्या पायलीएवढा, आणि म्हातारा काठीशिवाय न चालणारा. पहिल्या बांधावरच बसेल, असा त्यांचा हिशेब. येसबाचं रान सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठावर होतं. तोच आधी म्हणाला, "कबूल." मग सगळे म्हणाले.

भिवराला हे घरी कळलं. ती चुलीपाशी बसली होती. मग म्हणाली, "मामंजी, पहिली खाचरं आपलीच आहेत."

"आहेत."

"दुसऱ्या अंगानं उतरा की."

"आपल्या बांधावरून सुरुवात नाही केली, तर दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायला मला तोंड कुठलं, पोरी?"

तिनं हातातलं लाकूड चुलीत सारलं. भांडायलाही अंगात बळ लागतं.

माघातला दिवस होता. भात निघून खाचरं मोकळी पडली होती. उन्हं वर आल्यावर सुभानांनी देवीला हात जोडले आणि दोघा गड्यांनी मिळून धोंडा त्यांच्या खांद्यावर चढवला. अख्खा गाव बांधांवर उभा. भिवरा पाण्याचा तांब्या घेऊन मागे चालली. म्हातारा एक पाऊल टाकी, थांबे, श्वास घेई, पुन्हा एक टाकी. आपलं पहिलं खाचर त्यांनी ओलांडलं. मग दुसरं. भिवरा खाली बघून चालत होती. ती ढेकळं तिनं स्वतः फोडली होती. आता ती आपली नाहीत, हे तिला प्रत्येक पावलाला कळत होतं.

त्याच्या खालचं रान बाळकूचं. तेही निम्मं सरलं, आणि सुभानांचे पाय लटपटले. ते गुडघ्यांवर आले. धोंडा खांद्यावर कलंडला. बांधावर कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, तो भिवराला ऐकू आला.

त्या क्षणी तिच्या मनात काय आलं, ते तिनंच पुढे मुलींना सांगितलं म्हणे. तिला देवी आठवली नाही. तिला नदीची वाट आठवली. इथंच टेकला तर राई चार खाचरांनी वाढेल. चार खाचरांनी झरा येत नसतो. म्हणजे आपलं रानही गेलं आणि खेपाही राहिल्याच.

तिनं तांब्या टाकला, पदराची चुंबळ डोक्यावर ठेवली, म्हाताऱ्याच्या खांद्याला डोकं भिडवून धोंडा वर घेतला आणि उभी राहिली.

एकच गलका झाला. येसबा पळत येऊन पुढ्यात उभा राहिला. "हे ठरलं नव्हतं! पाटलांचं ठरलं होतं."

"ठरलं होतं धोंड्याचं," भिवरा म्हणाली. "धोंडा टेकला का?"

गुडघ्यांवर बसलेले सुभाना तिथूनच म्हणाले, "माझे शब्द आठव, येसबा. टेकेल तिथवर, एवढंच बोललो होतो."

येसबाचा आवाज खाली आला. "माझ्या चार पोरांनी काय खायचं, वहिनी?"

"माझ्या दोघींनी काय खायचं, ते मलाही ठाऊक नाही. बाजूला व्हा भाऊजी. उभं राहिलं की जास्त जड होतं."

येसबा उभाच होता. मग मागच्या बांधावरच्या बायका खाली उतरल्या. रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन त्या भिवराच्या मागे येऊन थांबल्या. येसबानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांत त्याची बायकोही होती. तो बाजूला झाला.

भिवरा चालत राहिली. ऊन कललं. कुणी हात पुढे केला, तर तिकडे मान वळवण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं. बाळकूचं रान सरलं, येसबाचं सरलं, आणि पायांना ओढ्याचं पाणी लागलं. तिथं धोंडा खाली आला. तिनं तो ठेवला की तो तिच्या डोक्यावरून पडला, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

घरी तिला बायकांनी आणलं आणि उंबऱ्यात बसवलं. ती तिथून उठली नाही. आठ दिवस उठली नाही, असं सांगतात. म्हातारा आत अंथरुणावर, मुली दाराशी, आणि ती भिंतीला टेकून उंबऱ्यात. दुसऱ्या दिवशी येसबाची बायको आली. पदराआडून ओंजळभर तांदूळ काढून तिनं भिवराच्या ओटीत घातले आणि काही न बोलता गेली. भिवरानं उठायला पाहिलं, पण पाय उचलले नाहीत. मग दुसरी आली, तिसरी आली. ज्यांची रानं शाबूत होती त्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आलं. पुढच्या सुगीलाही आल्या, त्याच्या पुढच्याही. बाळकूच्या आणि येसबाच्या घरीही त्या तशाच जाऊ लागल्या.

झरा लगेच आला नाही. झाडं रुजायला, मुळं धरायला नऊ वर्षं गेली. सुभानांनी तो पाहिला नाही. भिवरानं पाहिला. लोक नाचत होते, देवीपुढे नारळ फोडत होते. भिवरानं दारातली घागर उचलून कोपऱ्यात पालथी घातली आणि भरदिवसा झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

त्यानंतर राई आणखी तीनदा वाढली. शेवटची वाढ अलीकडची, परसूआबांच्या डोळ्यांदेखतची. ग्रामपंचायतीनं ठराव केला आणि पठाराखालची अकरा घरांची डोंगरउताराची वरकस जमीन राखीव झाली. कागद तालुक्याला गेला, सह्या झाल्या, मोजणी झाली. पण गावाला त्याच्यापुढचंही करावं लागतं.

आजही पाथरवण्यात नवा तांदूळ कांडला की पहिली ओंजळ घरात शिजत नाही. ज्यांचं रान राईत गेलं, त्यांच्या दारात ती जाते. नेणारीनं बोलायचं नसतं. आणि घेणारीनं उठायचं नसतं, मग ती सरपंचाची आई असो की कुणी असो. उंबऱ्यात बसूनच पदर पसरायचा.