गोदूचा गाल

ताई, रागावू नका. एसटीतून उतरल्या उतरल्या ज्या म्हातारीनं तुमच्या लेकीच्या कपाळाला उलटा हात लावला, ती काही वेडी नाही. तुम्ही तिचा हात झटकलात, ते काही बरं केलं नाहीत. आमच्या पांगरवेळात ही रीतच आहे. लेकरू कुणाचंही असो, आधी उलट्या हातानं कपाळ बघायचं आणि मगच 'काय गुणाचं आहे हो' म्हणायचं. हात न लावता कौतुक करणाऱ्याला इथं कुणी बस म्हणत नाही.

चपला तिकडं काढा आणि आत या. बाळ, तू त्या खांबाला टेकून बस. शहाणी आहे हो पोर, अजिबात दंगा नाही.

ही आमची शीतळाई. आम्ही तिचे गुरव. आणि तिच्या डाव्या हाताला भिंतीवर ते तेलरंगातलं चित्र. ते देवीचं नाही, एका साळ्याच्या ओसरीचं आहे. बाप मागावर विणतोय, आई रहाटावर बसलीय, आणि मधे सात वर्षांची पोर मांडीत सुताच्या गुंड्या घेऊन बसलीय. बापाच्या टाचेची भेग बघा, खरी वाटते की नाही? सगळं जागच्या जागी आहे, पोरीचा एक गाल तेवढा झिजलाय, खालचं कापड दिसतंय. मागं शहरातले एक साहेब आले, म्हणाले, गाल नवा करून देतो, एक पैसा नको. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. का, ते ऐका. मला आजीनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. मी पदरचं काही घालत नाही, घातलं तरी चिमूटभर.

संस्थानं होती त्या काळची गोष्ट. यशवंत नाडगौडा नावाचा एक चितारी मुंबईहून कला शिकून आला होता. सरदार-दरकदारांच्या तसबिरी काढून त्याचा जीव विटला होता म्हणे. त्याला नांदतं घर रंगवायचं होतं. फिरत फिरत तो इथं आला आणि धोंडी साळ्याच्या ओसरीवर सकाळचं ऊन बघून तिथंच थबकला. धोंडी भला माणूस, त्याची बायको राही त्याहून भली. बसा म्हणाले, काढा म्हणाले.

महिना गेला. बाप झाला, आई झाली, मागाचा दोरा न् दोरा झाला. राहिलं ते गोदूचं तोंड. पोरीच्या पायाला भिंगरी! चिताऱ्यानं कुंचला बुडवावा, तोवर ही परसात. त्यानं गूळ दिला, गोष्टी सांगितल्या, एकदा हातसुद्धा जोडले. आठ दिवसांत चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला धाडायचं, आणि मधोमध कोरं कापड. त्याचा नुसता जळफळाट चालला होता.

आणि एका सकाळी गोदू आपणहून येऊन बसली. हलेना, बोलेना. गाल असे लाल, की चितारी बघतच राहिला. हाच रंग तो महिनाभर शोधत होता.

त्यानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, आणि त्याच्या बोटांना चटका बसला.

त्याला तेव्हाच कळलं. कळलं नव्हतं, असं तो पुढं कधीही म्हणाला नाही. उन्हात हुंदडून आली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि लाल रंग कालवायला घेतला.

रहाटावरून राही म्हणाली, "आज गप का गं, गोदू?" आणि ती उठू लागली.

"वहिनी, हलू नका," चितारी म्हणाला. "एवढा गाल होऊ द्या. आजच तर शहाण्यासारखी बसलीय."

राही खाली बसली.

ऊन माथ्यावर येईतो गाल झाला. असा गाल त्यानं जन्मात रंगवला नव्हता. हात पुसायला तो वळला आणि मागं गोदू मांडीतल्या गुंड्यांसकट कलंडली. धोंडीनं बैलगाडी जुंपली, पोरीला दोन कोसांवरच्या वैद्याकडं नेलं. वैद्यानं डोळे बघितले, जीभ बघितली आणि विचारलं, "सकाळीच का नाही आणली?" तिसऱ्या दिवशी पोर गेली.

आता बघा, सगळेच वैद्य असं म्हणतात. सकाळी नेली असती तरी वाचली असती की नाही, देव जाणे. पण खाई त्याला खवखवे.

चित्र मुंबईला गेलं, त्याला पदक मिळालं. लोक त्या गालापुढं गर्दी करायचे. "खेड्यातली हवा बघा, पोरीच्या गालावर कसं आरोग्य फुललंय!" असं कुणी म्हटलं की चिताऱ्याला भर सभेत कानफटात बसल्यासारखं व्हायचं. अन्न गोड लागेना. एकदा टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो ती लाली पुसायला निघाला, पण हात पुढं होईना. पुसली तर गोदू दुसऱ्यांदा जाणार.

वर्षानं तो चित्र पाठीवर बांधून गावात आला. राहीला सगळं सांगायचं आणि ती देईल ती शिक्षा घ्यायची, असं ठरवून आला होता. पण चित्रावरचं फडकं निघालं आणि राही ओरडली, "आली गं बाई माझी! अश्शीच होती!" ती हसली, रडली, गावभर माणसं बोलवायला धावली. उद्या सांगू, चितारी मनाशी म्हणाला. असे पाच उद्या गेले.

घरात चुलीचा धूर, म्हणून चित्र इथं देवळात टांगलं. बायका यायच्या, देवीबरोबर चित्रालाही कुंकू लावायच्या. सहाव्या दिवशी वेणू कासारीण तान्हं लेकरू घेऊन आली आणि चित्रापुढं पदर पसरून म्हणाली, "गोदूबाई, माझ्या लेकराच्या गालावर अशीच लाली येऊ दे."

"मागू नका!" चितारी किंचाळला. "बाई, ती लाली मागू नका. तो ताप आहे!"

मग त्यानं सगळं सांगितलं. बोटाला बसलेला चटकासुद्धा. धोंडी त्याच्या अंगावर धावून गेला, चौघांनी धोंडीला कव घालून धरलं. चितारी तिथंच बसून राहिला, मार चुकवायला हातसुद्धा वर केला नाही त्यानं.

"मारू नगा त्यास्नी," राही म्हणाली. "मलाबी दिसलं हुतं. माझी पोर एवढी गप कधी बसती व्हय? मी उठत हुते. ह्या चिताऱ्यांनी हलू नका म्हटलं, आन् मी हलले न्हाई. चांगलं चित्र मोडंल म्हनून. वरीस झालं, त्योच इचार करते."

ती उठली. लोकांना वाटलं, आता फाडते. तिनं उलटा हात त्या रंगवलेल्या गालाला लावला. आई ताप बघते ना, तसा. बराच वेळ धरला. मग वळून वेणूच्या लेकराच्या कपाळाला लावला.

"गार हाय," ती म्हणाली. "आता म्हन काय म्हनायचं ते."

तिथून ही रीत पडली. पुढच्या साली तापाची साथ आली, तेव्हा ज्याला त्याला लवकर कळलं, आणि पांगरवेळात एकही मूल दगावलं नाही, असं सांगतात. चितारी इथंच देवळाच्या पडवीत राहिला. लाल रंगाची नळी त्यानं ओढ्यात फेकली म्हणे. राहीनं त्याला माफ केलं का, ते कुणी सांगत नाही. भाकरी मात्र रोज धाडायची. आणि राही जिवंत असेपर्यंत ती आणि चितारी दोघंही रोज सकाळी येऊन त्या गालाला हात लावायची.

आजही गावातला माणूस देवीआधी तिथं हात लावतो. एवढे हात लागून लागून लाली गेली. आम्ही झिजली म्हणत नाही, गोदूचा ताप उतरला म्हणतो. म्हणून गाल नवा करायचा नाही.

या आता, पोरीला पुढं घ्या, तिलाही हात लावू दे. ये बाळ.

अरे देवा. ताई, हिच्या कपाळाला हात लावा बघू. उलटा लावा. ... लागला ना चटका?

म्हणून ती म्हातारी तुमच्या मागं मागं इथवर आलीय. ती बघा, पायरीवर बसलीय. आणि मी मेला गुरव, हात न लावता शहाणी म्हणालो आणि गोष्ट सांगत बसलो! उठा, दर्शन राहू द्या. दवाखाना चावडीमागंच आहे, उघडा असेल. पोरीला माझ्याकडं द्या, तुम्ही चपला घाला.