बहिरा सेट

“बहिरा? बहिरा कसा असेल, बुवा?”

यशोधन जीपमध्ये वाकून वायरलेसची केबल गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

“मला वाटलं,” हिरागिरी बुवा म्हणाले आणि जीपच्या पायरीवर टेकले.

यशोधनला हसू आलं, ते त्यानं गिळलं. शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो डोंगरावरच्या या मठात राहायला आला होता. इथं मोबाइल लागत नव्हता. वाड्यावस्त्यांवरचा आजारी माणूस खाली न्यायचा तर मठाची जीप, आणि जीप बोलवायची तर वायरलेस. जुना सेट बंद पडला तेव्हा कुण्या टॅक्सी कंपनीनं मोडीत काढलेला हा सेट त्यानंच शोधून आणला. लॅपटॉपला जोडून टॅक्सीवाल्यांचे चॅनल पुसले, मठाच्या परवान्यावरचा चॅनल भरला. दुकानदाराला त्यानं हातही लावू दिला नव्हता.

“पूर्वी केवढी खरखर असायची,” तो म्हणाला. “वनखात्याची माणसं, वाडीवरचा दवाखाना, सगळे याच चॅनलवर. डोकं उठायचं. आता मी टोन घातलाय. आपल्या सेटमधून बोललं की आवाजाबरोबर एक बारीक सूर जातो. तो सूर असेल तरच स्पीकर उघडतो. बाकी कुणाचा त्रास नाही.”

“छान.”

“सकाळपासून एक-दोन-तीन म्हणत तपासतोय. माइकचं बटण दाबून इथून बोललो की मठातल्या छोट्या सेटवर येतं, तिथून बोललो की इथं. बटण दाबलेलं असलं की मात्र ऐकू काही येत नाही, ऐकायचं तर ते सोडावं लागतं. काचेसारखं स्वच्छ.”

बुवांनी सेटकडे बोट केलं. “हा हिरवा दिवा कशाचा?”

“चॅनलवर कुणी बोलत असलं की लागतो.”

“लागलाय.”

“आपलं कुणी नसेल, बुवा. आपलं असतं तर आवाज आला असता.”

 दिवा विझला… पुन्हा लागला.

“टोन बाजूला सारता येतो?”

“येतो की. ही कळ.”

बुवांनी ती दाबली.

खरखर उसळली आणि तिच्यातून एका बाईचा आवाज आला, बोलून बोलून बसलेला.

“…मठ, मठ, कुणी आहे का? दांडवाडीच्या दवाखान्यातनं रोहिणी सिस्टर बोलतेय. बाळ आडवं आलंय, बाईला खाली न्यायला हवं. सकाळपासनं हाका मारतेय. मधेच कुणीतरी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करतंय, माझं कुणाला जातच नाही. जो कुणी असेल त्यानं जरा थांबा हो…”

 यशोधननं माइक ओढला, अंगठा बटणावर गेला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“ती बोलतेय.”

“पण बुवा, तिला सांगायला नको का…”

“ती बोलतेय.”

हिरवा दिवा विझला. बुवांनी मनगट सोडलं.

“सिस्टर,” यशोधन म्हणाला.  “मठातून बोलतोय. जीप निघाली.”

मागच्या चाकात हवा भरत बसलेला सुदाम ड्रायव्हर पंप तिथंच टाकून आत चढला. यशोधन उतरला. जीप वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला, मग मठातल्या छोट्या सेटमधला टोन काढून तो त्याच्यापाशी येऊन बसला.

दिवसभर सेट बडबडत होता. वनरक्षक कुणाला तरी पाणवठ्यावरच्या गव्यांबद्दल सांगत होता. कुणी चुना संपला म्हणत होतं. कुणी नुसतंच खोकलं. यशोधननं एकही शब्द सोडला नाही. जेवणाची हाक आली, तो उठला नाही.

ऊन कलल्यावर परतणाऱ्या जीपमधून सिस्टरचा आवाज आला. पोट फाडावं लागलं. बाई वाचली, मुलगीही वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर डॉक्टर हात टेकणार होते.

ती एवढंच बोलली. सकाळी मधे मधे कोण बोलत होतं, ते तिनं विचारलं नाही.

यशोधन उठला. बुवा तुळशीला पाणी घालत होते. तो त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

“मी घालवलं असतं दोघींना.”

बुवा पाणी घालत राहिले.

“सेटमध्ये चूक नव्हती, बुवा. मी पुन्हा पुन्हा तपासला होता.”

“नव्हतीच.”

“मग…”  मनात होतं ते राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं. “मी इथं आलो तो तुमच्याकडून मंत्र घ्यायला. दरवेळी मागतो, दरवेळी तुम्ही गप्प राहता. मला कधी देणार तुम्ही?”

बुवांनी तांब्या कट्ट्यावर उपडा ठेवला. ओले हात पंच्याला पुसले.

“देतोच आहे रे,” ते म्हणाले. “तू बटण सोड.”