वाऱ्याला वाट देणारं चाक

सायकलींना वाचा होती, त्या काळची गोष्ट. जाहिरातीला भुलून निरंजनने शर्यतीच्या सायकलचं तारांचं जुनं चाक खुंटीला टांगलं आणि पुढे रुंद, भरीव नवं चाक बसवलं.

"आजोबा, तुमच्यातून तर वारा आरपार जातो," नवं चाक हसलं.

"जाऊ दे की. त्याला अडवून तू काय करणार आहेस?"

घाटात आडवा वारा आला. नव्या चाकाने तो अडवला आणि सायकल कठड्यावर आदळली. निरंजनचा पाय मोडला. चाक असं तडकलं, की कुणालाच दुरुस्त करता येईना.

लंगडत तो जुन्या चाकाकडे गेला. त्याच्या तारा घरच्यांनीच कणसं भाजायला काढून नेल्या होत्या. उरली होती नुसती रिम. निरंजनने तडकलेलं चाक तिच्याशेजारी टांगलं.

"आजोबा," चाकाने हाक मारली.

रिममधून वारा आरपार गेला.